गालापागोसच्या किनाऱ्यांवर प्राणी जवळून बघायचेत? तर हे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की आहे कुठे, आणि तिथे खरंच प्राणी असे रस्त्यात पडलेले असतात का?

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशाची ही बेटं, मुख्य किनाऱ्यापासून साधारण १००० किलोमीटर लांब, पॅसिफिकमधे, बरोब्बर विषुववृत्तावर. माणसं राहतात ती सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरेआना या चारच मोठ्या बेटांवर, बाकी जवळजवळ सगळी जमीन, म्हणजे ९७ टक्के, नॅशनल पार्क आहे आणि तेही १९५९ पासून.

आणि हो, पडलेलेच असतात. सान क्रिस्तोबालच्या गावात बाकावर बसायचं म्हटलं तर आधी त्यावर सी लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) झोपलाय का बघावं लागतं, आणि झोपलेला असेल तर हटायचं तुम्ही, तो नाही. सांताक्रूझच्या पुएर्तो आयोरा गावात मासे कापायचे कट्टे आहेत, तिथे मासेवाल्या बाईच्या पायाशी सी लायन आणि पाठीमागे पेलिकन अशी लाईन लागलेली असते, कोणाला नंबर विचारायची सोय नाही.

पण ते घाबरत का नाहीत? पाळीव केलेत का?

नाही हो, पूर्ण जंगलीच आहेत. या बेटांवर मोठे शिकारी सस्तन प्राणी कधी पोचलेच नाहीत, वाघ नाही लांडगा नाही काही नाही, त्यामुळे जमिनीवरून चालत येणाऱ्या मोठ्या आकाराला बघून पळायचं असतं ही सवयच इथल्या प्राण्यांमधे तयार झाली नाही. १८३५ मधे डार्विन इथे आला तेव्हा त्याने झाडावरच्या एका ससाण्याला चक्क बंदुकीच्या नळीने ढकललं होतं. आणि एका मरीन इग्वानाला, म्हणजे समुद्रात पोहणाऱ्या मोठ्या सरड्याला, त्याने उचलून पाण्यात फेकलं तर तो पोहत परत त्याच्याच पायाशी आला, परत फेकलं, परत आला. आज असं केलं तर थेट कारवाई होईल ते सोडा, पण त्यातून त्याने काढलेला अर्थ भारी आहे, की इग्वानाला धोका माहिती आहे तो पाण्यातल्या शार्कचा, किनारा म्हणजे त्याच्यासाठी घर, मग किनाऱ्यावर कोणी का उभं असेना.

म्हणजे ते भित्रे नाहीत असं नाही, भीती वेगळ्या गोष्टींची आहे. गालापागोसचा ससाणा इग्वानाची शिकार करतो, आणि तिथला मॉकिंगबर्ड नावाचा छोटा पक्षी ससाण्याला बघून ओरडला की इग्वाना, जे स्वतः एक आवाज काढत नाहीत, ते लगेच सावध होतात. दुसऱ्या जातीची धोक्याची हाक ओळखतात! तुम्हाला मात्र ढुंकून बघत नाहीत, थोडा अपमान वाटतो पहिल्या दिवशी.

किती जवळ जाता येतं?

नियम २ मीटरचा आहे, सगळ्या प्राण्यांसाठी, सगळ्या बेटांवर. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, वाटेत उभं राहायचं नाही, आवाज करून लक्ष वेधायचं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. सगळ्यात जवळून कोणाला बघायला मिळतं माहितीये? जो एका जागी बसतो त्याला. आमच्या ग्रुपमधे एक काका होते, गुडघे दुखतात म्हणून ते एस्पान्योला बेटाच्या गार्डनर बे या बीचवर उतरल्या उतरल्या वाळूत बसले आणि आम्ही बाकीचे पूर्ण बीच कॅमेरा घेऊन पळत होतो, जिथे जाऊ तिथे २ मीटरवर थांबा, गाइडची हाक, मागे या, असं तासभर चाललं आणि परत आलो तर काकांच्या चपलेला एक सी लायनचं पिल्लू नाक लावून वास घेत होतं आणि काका पुतळ्यासारखे बसलेले, डोळ्यात पाणी. मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतो, जवळून बघायचं असेल तर जवळ जाऊ नका, खाली बसा. उभा माणूस त्यांच्यासाठी उंच, हलणारी, सावली पाडणारी गोष्ट असते, बसलेला माणूस म्हणजे अजून एक दगड. २ मीटरचा नियम तुमच्यावर आहे, त्यांच्यावर नाही, आणि बघायचं सगळं सुख त्याच फटीत आहे.

आणि प्राणीच जवळ आला तर? मी मागे सरकू का?

पिल्लू किंवा पक्षी आला तर हलू नका, हात अंगाशी, तो स्वतः जाईल. सरकायचंच असेल तर हळू सरका, घाईने उठू नका.

मोठा नर सी लायन आला तर मात्र सरका, आणि लगेच. त्याला बीचमास्टर म्हणतात, कपाळावर उंचवटा असतो, मान जाड, सतत भुंकत आपल्या हद्दीत फेऱ्या मारत असतो. वाळूत तो वाटतो त्यापेक्षा खूप वेगाने येतो आणि चावतो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधीच उभं राहायचं नाही.

एस्पान्योलाचे मॉकिंगबर्ड हा वेगळा नमुना आहे, बेटावर गोडं पाणी जवळपास नाही त्यामुळे ते पाण्याची बाटली बघून थेट अंगावर येतात, बुटावर बसतात, झाकणाला चोच मारतात. फार गोड दिसतं आणि एक थेंब द्यावासा वाटतोच. देऊ नका. एकाने दिलं की पुढच्या शंभर जणांच्या अंगावर ते उड्या मारणार.

पिल्लू एकटंच पडलंय, आई दिसत नाही, रडतंय. कोणाला सांगू?

हा प्रश्न प्रत्येक ट्रिपमधे येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा हेच की ते ठीक आहे. आई मासे पकडायला समुद्रात गेलेली असते, कधी दिवसभर कधी जास्त, तोवर पिल्लं किनाऱ्यावर थांबतात. ती परत आली की ओरडते, पिल्लू ओरडतं, मग नाकाला नाक लावून वास घेऊन खात्री करते की हे आपलंच आहे, आणि दुसऱ्याचं पिल्लू दूध प्यायला आलं तर हाकलून देते. त्या ओळखीमधे वासाचा मोठा भाग आहे, म्हणून तर हात लावू नका हे इतकं डोक्यात मारून सांगतात. सनस्क्रीन लावलेल्या हाताने कुरवाळणं म्हणजे माया नव्हे.

खरंच जखमी असेल, गळ्यात दोरी किंवा प्लास्टिक अडकलेलं असेल तर स्वतः काही करू नका, गाइडला किंवा पार्कच्या रेंजरला सांगा. २०२३ च्या सप्टेंबरमधे इथे पक्ष्यांमधे बर्ड फ्लू सापडला होता आणि काही जागा बंद केल्या होत्या, त्यामुळे आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याजवळ जायचं नाही हे तर नक्कीच.

कधी जावं?

वर्षभर काही ना काही चालू असतं, तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा.

डिसेंबर ते मे गरम सीझन, पाणी कोमट, ऊन कडक, मधेच सर येते. याच काळात हिरवी समुद्री कासवं रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, सकाळी वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखे पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांच्या वरच्या टोकाला जिथे खड्डा दिसतो तिथे पाय ठेवायचा नाही, खाली अंडी असतात, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात.

जून ते नोव्हेंबर थंड सीझन, हम्बोल्ट नावाच्या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी २० अंशांच्या आसपास येतं, वर ढग आणि बारीक भुरभुर जिला तिथे गारुआ म्हणतात. विषुववृत्तावर आहे म्हणून स्वेटर न नेणारे लोक मी बघितलेत, बोटीवर कुडकुडत होते. पण थंड पाण्यात खाद्य भरपूर, त्यामुळे समुद्रातला आणि पक्ष्यांचा खेळ याच दिवसांत जोरात असतो.

अल्बाट्रॉस हा मोठा समुद्री पक्षी बघायचा असेल तर एप्रिल ते डिसेंबर, एस्पान्योलावर. वेव्ह्ड अल्बाट्रॉसची जगातली जवळजवळ सगळी संख्या अंडी घालायला याच एका बेटावर येते, चोचीला चोच आपटून, मान वाकडी करून जो नाच करतात तो बघाच. जानेवारी ते मार्च गेलात तर रिकामी टेकडी दिसेल, मग मला शिव्या नकोत.

कुठल्या बीचवर काय दिसतं?

सगळे सांगत बसलो तर रात्र होईल, माझे आवडते सांगतो.

एस्पान्योलाचा गार्डनर बे, वर सांगितला तोच, लांबलचक पांढरी वाळू आणि त्यावर ओंडके पडावेत तसे सी लायन. त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुंता सुआरेझ, तिथले नर मरीन इग्वाना विणीच्या दिवसांत लाल हिरवे होतात, बाकीच्या बेटांवर बहुतेक काळे कोळशासारखे.

राबिडाची वाळू लाल आहे, वीटभट्टीसारखी, लाव्हातल्या लोखंडामुळे. फ्लोरेआनाला पुंता कॉर्मोरंटची वाळू हिरवट, ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे कण असतात त्यात, मूठ भरून उन्हात धरली की चमकते (आणि मग मूठ तिथेच उघडायची). गंमत म्हणजे नावात कॉर्मोरंट असून तिथे तो प्रसिद्ध न उडणारा पाणकावळा अजिबात नाही, तो फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या पश्चिम उत्तर किनाऱ्यावर. लोक नाव वाचून जातात आणि फ्लेमिंगो बघून येतात, वाईट सौदा नाही.

फर्नांडिनाला पुंता एस्पिनोझा, तिथे वाळू कमी आणि काळा लाव्हा जास्त, आणि त्यावर शेकडो मरीन इग्वाना एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडलेले. समुद्रात जाऊन शेवाळ खाणारा जगातला हा एकमेव सरडा, पाण्यातून गार होऊन येतो आणि मग तासन् तास ऊन खातो. लांबून दगड वाटतात, पाय टाकायच्या आधी बघा, खरंच.

हेनोवेसाचा डार्विन बे छोटासा प्रवाळाच्या चुऱ्याचा बीच, बाजूच्या खारफुटीत लाल पायाचे बूबी नावाचे समुद्री पक्षी हाताच्या अंतरावर घरटी करून, वर फ्रिगेट पक्षी गळ्याचा लाल फुगा फुगवून बसलेले. लांब आहे, रात्रभर बोट चालते, समुद्र खवळलेला असला तर उलट्या होतात, पण मला एकच बेट निवडायला सांगितलं तर हेच.

बार्तोलोमेला पेंग्विन. हो, विषुववृत्तावर पेंग्विन, अर्ध्या मीटरचे, आणि स्नॉर्केल करताना बाजूने बाण गेल्यासारखे जातात.

बोट परवडत नसेल तर सांताक्रूझचा तोर्तुगा बे आहे ना, पुएर्तो आयोरापासून अडीच किलोमीटर बांधलेली वाट, फुकट, गाइड लागत नाही, नाव नोंदवून आत जायचं आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर यायचं. सान क्रिस्तोबालला लोबेरिया, गावापासून चालत अर्धा पाऊण तास.

क्रूझ घेऊ की गावात राहून रोज जाऊ?

पैसे असतील तर क्रूझ, कारण हेनोवेसा, फर्नांडिना असली लांबची बेटं गावात राहून एका दिवसात होत नाहीत. त्यातही छोटी बोट, १६ प्रवाशांची. एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ जण असा नियम आहे त्यामुळे छोट्या बोटीत एकच ग्रुप, उतरायला वेळ जात नाही. मोठ्या बोटीही १०० प्रवाशांच्या वर नसतातच इथे. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठे जाणार हे पार्क ठरवतं, कॅप्टनला आवडलं म्हणून वळवता येत नाही, तेव्हा बुकिंगच्या आधी जाहिरातीतले फोटो नको, त्या बोटीचा रूट बघा, कारण एका रूटवर अल्बाट्रॉस आणि दुसऱ्यावर पाणकावळा, दोन्ही एका आठवड्यात क्वचित जमतात.

गावात राहणंही मस्त, स्वस्त, आणि आपल्या मर्जीने बीचवर लोळता येतं. बेटांमधे स्पीडबोटी आहेत, दोन अडीच तास, तीसेक डॉलर, आणि पाठीचा कणा हलतो. मागच्या बाजूला बसा.

गाइड लागतोच का?

गावाजवळच्या थोड्या जागा सोडल्या तर लागतोच, पार्कचं लायसन्स असलेला. लोक याला कटकट समजतात पण चांगला गाइड नसेल तर तुम्ही फक्त फोटो काढून येता. आमच्या गाइडने एका रिकाम्या वाळूकडे बोट दाखवून दहा मिनिटं थांबवलं, आम्ही वैतागलो, आणि मग एक खेकडा आणि बगळा यांचं असं काही झालं की सगळे गप्प.

वेट लँडिंग म्हणजे काय, आणि आईबाबांना जमेल का?

मोठ्या बोटीतून छोट्या रबरी बोटीत बसायचं, तिला पांगा म्हणतात. ड्राय लँडिंग म्हणजे दगडावर किंवा जेटीवर उतरणं, वेट लँडिंग म्हणजे गुडघाभर पाण्यात. गाइडचा हात धरायचा तर मनगट धरायचं, तोही तुमचं मनगट धरतो, ओल्या हाताने पंजा सुटतो पण मनगट सुटत नाही. आईबाबांना वाळूवरचं वेट लँडिंग सोपं जातं, उलट ड्राय लँडिंगचे दगड शेवाळाने घसरडे असतात, नावावर जाऊ नका.

फी किती? कागद काय लागतात?

इक्वाडोरमधे २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो. पार्कची फी परदेशी मोठ्या माणसाला २०० डॉलर, १ ऑगस्ट २०२४ पासून, आधी अनेक वर्षं १०० होती. शिवाय विमानात बसायच्या आधी मुख्य भूमीवरच ट्रान्झिट कंट्रोल कार्ड घ्यायचं, २० डॉलर. कॅश ठेवा, सुटे पैसे. फ्लाइट कीटो किंवा ग्वायाकिलवरून बाल्ट्रा बेटाला नाहीतर सान क्रिस्तोबालला, दुसऱ्या देशातून थेट जाता येत नाही. परतीचं तिकीट दाखवावं लागतं.

बॅगा इतक्या का तपासतात?

कारण बाहेरून आलेल्या प्राण्यांनी आणि झाडांनी या बेटांची वाट लावली आहे. जहाजवाल्यांनी सोडलेल्या बकऱ्यांनी इसाबेलाचा उत्तर भाग आणि सांतियागो बेट इतकं खाल्लं की महाकाय कासवांना चारा उरला नाही, शेवटी हेलिकॉप्टरमधून मारून लाखाहून जास्त बकऱ्या संपवाव्या लागल्या. हे मोठे प्राणी, दिसतात तरी. एक माशी आहे जिच्या अळ्या घरट्यातल्या फिंच या छोट्या पक्ष्यांच्या पिल्लांचं रक्त पितात, तिला कुठे शोधणार? म्हणून फळं, बिया, माती लागलेले बूट काही नेऊ नका, बूट आधी ब्रशने घासून न्या. विमानात फवारणी करतात, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातानाही बॅग बघतात. मला एकदा बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका सफरचंदासाठी लाईनीतून बाजूला काढलं होतं, लाज वाटली, पण त्यांचं बरोबर होतं.

थोडीशी वाळू किंवा एखादा शंख आणला तर?

नाही. जाताना पण स्कॅन होतं. रिकामा शंख म्हणजे शंखातल्या खेकड्याचं पुढचं घर असतं, बाकी काही नाही तर ते तरी आठवा.

फोटो, फ्लॅश, ड्रोन?

फोटो बिनधास्त, फ्लॅश बंद, ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही. सेल्फी स्टिक प्राण्याच्या तोंडापर्यंत नेणं म्हणजे पण २ मीटर मोडणंच, हा युक्तिवाद मी ऐकलाय की मी लांब आहे फक्त फोन जवळ आहे. मोठी लेन्स हवीच असं नाही, जमिनीच्या लेव्हलला झोपून काढा, वरून काढलेला प्रत्येक इग्वाना पायपुसण्यासारखा दिसतो.

पोहायला सेफ आहे का? शार्क?

शार्क दिसतात, व्हाइट टिप बहुतेक, आणि ते आपल्या कामात असतात. खरी काळजी दोन. एक, प्रवाह. तोर्तुगा बेच्या पहिल्या मोठ्या बीचवर, प्लाया ब्रावावर, पोहायला बंदी आहे आणि बंदी उगाच नाही, तसंच चालत पुढे प्लाया मान्साला जा, तिथे पाणी शांत. दोन, स्टिंग रे म्हणजे आपलं पाकट, उथळ पाण्यात वाळूत लपून बसतं. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, कंप लागला की ते निघून जातं.

पाण्यात सी लायनची पिल्लं तुमच्याभोवती गोल गोल फिरतील, मास्कसमोर बुडबुडे सोडतील, फिन ओढतील. तुम्ही पण गिरकी मारलीत तर अजून रंगात येतात. हात मात्र जवळच.

गेलो आणि काहीच दिसलं नाही असं होतं का?

काहीच नाही असं नाही होत. पण एल निनोच्या वर्षी पाणी गरम होतं, हिरवं शेवाळ कमी होतं, मासे खोल जातात, आणि मग किनाऱ्यावर मेलेली सी लायनची पिल्लं आणि हाडं दिसणारे इग्वाना दिसतात. अशा वर्षांत मरीन इग्वाना नुसते बारीक नाही तर लांबीने पण आखूड होतात, २० टक्क्यांपर्यंत, आणि खाणं परत मिळालं की पुन्हा वाढतात. हे सगळं मुलांना आधीच सांगून ठेवा, पार्कवाले मेलेला प्राणी उचलून नेत नाहीत, तो ससाण्याचं आणि खेकड्यांचं जेवण आहे.

इतक्या लोकांनी जाणंच चूक नाही का?

मला पण हा प्रश्न पडतो आणि तरी मी गेलो, तेव्हा फार शहाणपणा शिकवत नाही. २०२३ मधे तीन लाखांहून जास्त लोक गेले. युनेस्कोने २००७ ते २०१० या बेटांना धोक्यातल्या यादीत टाकलं होतं, त्यात वाढतं टुरिझम पण कारण होतं. दुसऱ्या बाजूला तुमचे २०० डॉलर नसतील तर रेंजरचा पगार आणि गस्तीच्या बोटीचं डिझेल यायचं कुठून. थोडंसं सांडलेलं तेल काय करतं ते २००१ मधे जेसिका नावाची तेलवाहू बोट फुटली तेव्हा कळलं, सांता फे बेटावर तेलाचा अंश अगदी कमी पोचला होता तरी पुढच्या वर्षभरात तिथले ६२ टक्के मरीन इग्वाना मेले. गस्त लागतेच. पण दरवर्षी जाणाऱ्या, वेगवेगळ्या बेटांची टिक मार्क करणाऱ्यांचं मला पटत नाही, एकदा जा, कमी बेटं करा, जास्त वेळ बसा.

शेवटचा प्रश्न, इग्वाना माझ्यावर थुंकला. विषारी आहे का?

थुंकला नाही, शिंकला. समुद्रातलं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथींमधून असं बाहेर टाकतात, डोक्यावर जो पांढरा थर दिसतो तो त्याच मिठाचा. विषारी काही नाही, चेहरा धुवा, आणि आधी लेन्स पुसा. आणि हो, एवढं अंगावर आलं म्हणजे तुम्ही नक्कीच २ मीटरच्या आत होता.